विंचवाचे बिऱ्हाड

या सदराच्या नित्य वाचकांना माझे आणि वाहनांचे नाते ठाऊक आहे. सायकलीच्या पुढे माझी मजल गेली नाही. स्कूटर शिकलो ती सौभाग्यवतींनी आग्रह धरला म्हणून, आणि सोडली तीही त्यांनीच आग्रह धरला म्हणून! असा मराठीचा मास्तर मोटारीमागे घर बांधून डोंगर चढण्याविषयी लिहू लागला, तर आपण चष्मा पुसून घ्याल यात नवल नाही. पण प्रसंगच तसा आला.

२०२५ सालच्या भाद्रपदात, ऐन सत्रात महिनाभराची बिनपगारी रजा काढून, मी आईला घेऊन अमेरिकेत डेन्व्हर शहरी धाकट्या भावाकडे गेलो. आईला एकटीला विमानप्रवास झेपणार नाही, हे झाले जगाला सांगायचे कारण. मनातले कारण वेगळे होते. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून आई पुण्यात आमच्याकडे असते. धाकटा दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो, दर रविवारी फोन करतो. त्याला नाव ठेवायला जागा नाही. परंतु रात्री दोन वाजता आईला धाप लागली तर उठायचे आम्ही नवराबायकोने. या सगळ्याची एक वही मी मनातल्या मनात लिहीत आलो होतो. ‘आता सहा महिने तू बघ, पुढचे पुढे,’ हे वाक्य मी विमानात पाठ केले होते. वर्गात तास तास बोलणाऱ्या मला ते एक वाक्य तिथे पोचल्यावर आठ दिवस म्हणता आले नाही.

भावाने नुकतेच दोन अवजड जिन्नस घेतले होते. पहिला म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप मोटार. हिला तिकडे ‘पाऊण टनी’ म्हणतात. एके काळी तेवढा भार वाहायची म्हणून हे नाव पडले; आता त्याहून कितीतरी जास्त वाहते, पण नाव तेच राहिले. आमच्या गल्लीतल्या सहा फुटी गृहस्थांना अजून ‘छोटू’ म्हणतात, तसेच हे! इंजिन आठ सिलिंडरांचे, ७.३ लिटरचे. आपल्या जुन्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे होते. म्हणजे नऊ मारुती एका नाकाखाली बसवल्या म्हणा ना. ते पेट्रोलवर चालते, आणि पेट्रोलला तिथे ‘गॅस’ म्हणतात. ‘गॅस भरून येतो,’ असे भाऊ म्हणाला तेव्हा आईने विचारले, “सिलिंडर कुठाय?”

दुसरा जिन्नस म्हणजे सव्वीस फुटी ट्रेलर, चाकांवरचे घर. दोन बिछाने, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, एवढेच नव्हे तर खिडक्यांना पडदेसुद्धा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. या बिऱ्हाडाला मात्र विंचू पुढे जोडावा लागतो, आणि तो चांगला दणकट लागतो. ट्रेलर जोडल्यावर गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाते, हे ऐकून मी जेवण अर्धे टाकले.

“मग डिझेल का नाही घेतलंस?” मी शहाणपणा केला.

“डिझेल चढावर सरसच असतं, दादा. पण किंमत जबर, देखभाल महाग. आणि ते इंजिन स्वतःच जड, म्हणून त्याच गाडीत सामान कमी घेता येतं. वर्षातून चार-सहा फेऱ्यांना हे पुरतं.” मग बॉनेटवर थाप मारून तो म्हणाला, “हे कायपण ओढेल!”

हे वाक्य लक्षात ठेवा.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिकडे कामगार दिनाची सुट्टी असते. तिला जोडून तीन दिवस ब्यूना व्हिस्टा या डोंगरातल्या गावी, आर्कान्सा नदीकाठी, मुक्काम ठरला. घरचा दीड दिवसाचा गणपती नुकताच आटोपला होता. पण आमच्याकडे खड्याच्या गौरी, आणि त्या नेमक्या रविवारी यायच्या होत्या. भावजय संकोचून म्हणाली, “आई, आपण जाणं रद्द करू या का?” आई म्हणाली, “जिथं आपण तिथं गौरी. तुमचं घर बरोबरच येतंय की!”

शनिवारी पहाटे सामान लावण्याचे खाते मी आपण होऊन घेतले. ट्रेलरच्या मागच्या अंगाला एक ऐसपैस कप्पा होता, हाताशी येणारा. त्यात मी तांदूळ, कणीक, आईची भांडी, तिथल्या मराठी मंडळींसाठी आणलेली पुस्तकांची दोन खोकी, वीज निर्माण करणारे यंत्र, सारे रचले. पाण्याची चाळीस गॅलनांची टाकीही मागेच होती. ‘मुक्कामावर नळ आहे, पाणी नको,’ असे भाऊ म्हणत होता. परंतु पुण्याच्या माणसाचा नळावर भरवसा नसतो. मी काठोकाठ भरली. चाळीस गॅलन म्हणजे दीडशे लिटर, म्हणजेच दीडशे किलो!

“वजन नीट वाटलंस ना, दादा?”

“अरे, इंजिन कायपण ओढेल म्हणालास ना?”

तो हसला. मीही हसलो.

डेन्व्हरहून दक्षिणेला निघाले की मॉन्युमेंट नावाचा सात हजार फुटांहून उंच चढ लागतो. तो गाडीने लीलया पार केला. पलीकडे उतार लागला. ताशी पासष्ट मैलांचा वेग. इतक्यात डावीकडून एक अठरा चाकी मालट्रक वाऱ्यासारखा गेला. त्या झोताने आमच्या घराचे शेपूट उजवीकडे ढकलले. मग ते डावीकडे आले, मग अधिक उजवीकडे, मग त्याहून अधिक डावीकडे. दर हेलकाव्यानिशी पुढची एवढी थोरली गाडी खेळण्यासारखी हलू लागली. कुत्रा शेपूट हलवतो हे आपण नेहमी पाहतो. शेपटाने कुत्रा हलवताना मी त्या दिवशी पाहिला. मागच्या बाकावरून पुतणी किंचाळली. आईने माझे मनगट धरले. तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या.

आपण काय केले असते? ब्रेकवर उभे राहिलो असतो. तीच मोठी चूक. पुढचे वाहन एकदम थांबले तर मागचे त्याला बगल देऊन पुढे येऊ पाहते आणि दोन्ही आडवी होतात. भावाने सुकाणू सरळ धरले, पेट्रोलवरचा पाय काढला आणि समोरच्या फळीवरचा एक लहानसा खटका अंगठ्याने दाबला. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागचे मागे खेचले गेले, मधली ओढ ताठ झाली, हेलकावे कमी होत होत थांबले. सारे मिळून दहाएक सेकंद झाले असतील. भाऊ काही बोलला नाही. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली आलेला मला दिसला.

पुढे ट्रकवाल्यांच्या थांब्यावर वजनकाटा होता. आपल्याकडे उसाच्या गाड्या तोलतात तसाच. फक्त पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलरची चाके यांचे वजन तो वेगवेगळे सांगतो. आधी जोडलेले सगळे तोलले, मग ट्रेलर सोडून नुसती गाडी. वजाबाकी केली की ट्रेलर आपल्यापैकी किती भार गाडीच्या पाठीवर टेकतो ते कळते. ट्रेलर भरला होता ७,४०० पौंड, म्हणजे सुमारे ३,३६० किलो. गाडीवर टेकत होते ४९० पौंड. शेकडा सातसुद्धा नाहीत.

भावाने तिथेच कागदावर चित्र काढून मला समजावले. मास्तराला शिकवताना त्याचा आवाज मात्र लागत नव्हता. ट्रेलरच्या वजनाचा शेकडा दहा ते पंधरा एवढा भार पुढच्या वाहनाने आपल्या अंगावर घ्यायला हवा. ट्रेलर आपल्या आसावर तराजूच्या दांडीसारखा असतो. मागे जड झाला की पुढचे टोक हलके होते, आणि मग तो वाऱ्याच्या पहिल्या थापेला झुलू लागतो. इंजिन किती ताकदीचे आहे याचा इथे काही उपयोग नाही. इंजिन ओढते, सरळ राखणे हे त्याचे काम नव्हे. “चूक माझी,” तो म्हणाला. “निघण्यापूर्वीच तोलायला हवं होतं. ओढतंय ना, एवढंच बघितलं.”

“आणि मागे रचलं मी,” मी म्हणालो.

आई एवढा वेळ कागदाकडे पाहत होती. ती म्हणाली, “म्हणजे मागच्याचं थोडं स्वतःच्या अंगावर घेतलं तरच ते नीट चालतं. नुसतं ओढून भागत नाही.”

ती ट्रेलरविषयीच बोलत होती. निदान मला तसे वाटले. पण धाकट्याने मान खाली घातली, आणि मला माझी मनातली वही आठवली. तो अकरा वर्षे ओढत होता, यात शंका नाही. भार अंगावर घेतला नव्हता, हेही खरे. परंतु त्याच्या अंगावर यावा असा भार मी तरी कधी पुढे सरकवला होता? आईचे आजारपण मी त्याला बरे झाल्यावर कळवी. ‘काही काळजी करू नकोस’ हे माझे फोनवरचे ठरलेले वाक्य. सगळे ओझे आपल्या बाजूला रचायचे आणि मग ते झुलते म्हणून कुढत बसायचे, हा उद्योग माझाच होता.

आम्ही टाकी रिकामी केली. यंत्र पिकअपच्या हौद्यात गेले. पुस्तके, तांदूळ, भांडी मी वाहून पुढच्या कप्प्यात लावली. पुन्हा तोलले: ट्रेलर ६,९७० पौंड, गाडीवर ८२०, बाराच्या आसपास. पायलटाच्या थाटात भाऊ म्हणाला, “चला!”

नंतरच्या घाटाचे थोडे सांगतो. पेट्रोलच्या साध्या इंजिनाला उंचीवर विरळ हवेत पुरेसा श्वास मिळत नाही. दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद जाते. विल्करसन खिंड साडेनऊ हजार फुटांवर आहे. म्हणजे चार आण्यांहून थोडी अधिकच ताकद तिथे हवेत विरते. डिझेलचे इंजिन टर्बोच्या पंख्याने हवा कोंबून घेते, म्हणून त्याला एवढी झळ लागत नाही. आमचे बिचारे खालच्या गियरमध्ये घोरत, गर्जत चढले. मला वाटले, आता फुटते. भाऊ म्हणाला, “ओरडू दे. ओरडणं हा त्याचा स्वभाव आहे, दुखणं नव्हे.” आमच्या प्राचार्यांची मला आठवण झाली. उतारावर मात्र त्याने आधीच गियर खाली घेतला. सारखा ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. इंजिनानेच गाडी आवरायची, आणि ब्रेक अधूनमधून, ठामपणे. चढापेक्षा उतार अवघड असतो, हे चाळिशी ओलांडलेल्या माणसाला निराळे सांगायला नको.

रात्री नदीकाठी थंडी मी म्हणत होती. पडद्याआड बायकामुले निजल्यावर आम्ही दोघे बाहेर बसलो. तेव्हा ते पाठ केलेले वाक्य मी म्हटले नाही. आईला रात्री धाप कशी लागते, कोणत्या उशा लागतात, कोणती गोळी कधी द्यायची, ती चिडली की कोणता विषय काढायचा, हे मी त्याला एक एक करून सांगितले. तो फोनवर टिपून घेत होता. मध्येच थांबून म्हणाला, “हे तू कधीच का बोलला नाहीस, दादा?” मला उत्तर देता आले नाही. परवानगी आहे तोवर, म्हणजे सहा महिने, आईने तिथे राहायचे; पुढे दर हिवाळ्यात महिनाभर त्याने पुण्यास येऊन तिच्या खोलीत निजायचे, असे ठरले. आईला विचारायचे तेवढे बाकी होते.

गाडीत येताना भावजयीने १९५४ सालच्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या चित्रपटाची गोष्ट सांगितली होती. त्यातली नवी नवरी, म्हणजे ल्यूसिल बॉल, जागोजागचे दगड हौसेने ट्रेलरमध्ये साठवते आणि डोंगरचढणीवर नवऱ्याच्या जिवाशी येते. भाऊ तेव्हा गंभीरपणे म्हणाला होता, “या घरात एकही दगड येणार नाही.”

रविवारी सकाळी आई आणि पुतणी नदीवर गेल्या. परतल्या तेव्हा आईच्या दोन्ही हातांत ताम्हन होते आणि त्यात पाण्याने चकचकणारे सात खडे.

“आई, हे काय? दगड?” भाऊ ओरडला.

आई बोलली नाही. गौरी आणताना बोलायचे नसते. पुतणीनेही ओठ घट्ट मिटले होते. दोघी त्याच्यासमोरून पायऱ्या चढून आत गेल्या. भाऊ क्षणभर उभा राहिला. मग आत डोकावून हलक्या आवाजात म्हणाला,

“पुढच्या बाजूला ठेव गं, आई.”