मोत्याला मोड नाही?

लग्नसराई जवळ आली की आमच्या हिंगोलीत मोबाइलवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. मोती समोरच्या दातांवर घासा, खरखरीत लागला तर खरा, गुळगुळीत लागला तर खोटा. या आठवड्यात तो मला इतक्या जणींनी पाठवला की त्यावर लिहिल्यावाचून राहवेना. माझी सवय या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. पावती मी आधी वाचते, दागिना नंतर बघते.

दाताला खरखर लागते ती मोत्यावरच्या बारीक थरांमुळे. काचेच्या, प्लास्टिकच्या मण्याला ते थर नसतात, म्हणून तो सहसा घसरतो. त्या परीक्षेतून कळतं ते एवढंच. शिंपल्यात माणसाने मुद्दाम वाढवलेल्या मोत्यालाही तेच थर असतात, तोही खरखरतो. रंगवलेलाही खरखरतो. जपानच्या मिकिमोतोने 1893 साली शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला, आणि पुढे ‘खरा की खोटा’ हा प्रश्नच अपुरा पडला. समुद्रातला की गोड्या पाण्यातला, आपोआप झालेला की वाढवलेला, ब्लीच केलेला, रंग दिलेला, की किरणांचा मारा करून काळा केलेला, हे सगळं वेगवेगळं विचारावं लागतं. भिंगातून भोकाच्या कडेला बघितलं तर कधी साचलेला रंग दिसतो, कधी आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेघ दिसते. पण गोड्या पाण्यातले बरेचसे मोती आत मणी न घालताच वाढवतात. तिथे भिंग हरतं, साधा एक्स-रेसुद्धा पुरेलच असं नाही. मुंबई-जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळा लागतात त्या यासाठी.

आमच्या हळदीचं बरं आहे. संत नामदेव मार्केट यार्डात खरेदीदार ढिगातली कांडी उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि भाव बोलतो. वरून कितीही पॉलिश केलेली असो, मोडल्यावर कळतं. मोती मोडून बघता येत नाही.

पण व्हिडिओपेक्षा मला जास्त डाचतंय ते वेगळंच. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी गेल्या महिन्यात पणजीसासूची नथ मोडीत दिली. सुनेला नवी करायची होती. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, “मावशी, मोत्याला मोड येत नाही, सोन्याचं वजन करू.” मोती वजा करून सोनं तोललं आणि मोती तिथेच राहिले. कुणी मागितले नाहीत, कुणी दिले नाहीत. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “अगं, जुने पिवळे पडलेले मोती, त्यांचं काय करायचं?”

मला रात्रभर चैन पडली नाही. पणजीसासूच्या काळात हिंगोली निजामाच्या राज्यात होती. ऐपत असलेल्या घरांची लग्नाची खरेदी हैदराबादला, चारमिनारजवळच्या पथ्थरगट्टीत व्हायची. तिथे आज मिळणारे मोती बहुतेक चीनच्या गोड्या पाण्यातले, पण शंभर वर्षांपूर्वी तिथे बसरा मोती विकला जाई, इराणच्या आखातातून आलेला. वाढवलेला गोल मोती बाजारात आला तो 1920 च्या सुमारास. त्याआधीच्या नथीतला मोती एक तर निसर्गाने घडवलेला, नाही तर नकली. गोल मोत्यांत मधला प्रकार तेव्हा विकायलाच नव्हता. म्हणजे दातांची ती परीक्षा नव्या दागिन्याला जिथे जवळजवळ निरुपयोगी, तिथे जुन्या नथीला थोडी तरी कामाची! अर्थात मधल्या काळात पटवेकऱ्याकडून नथ पुन्हा गाठवताना एखादा मोती बदललेला असू शकतो. ते मान्य. पण बघायला तरी हवं होतं.

निसर्गाने घडवलेल्या जुन्या मोत्यांना काय भाव येऊ शकतो, ते बडोद्याच्या गायकवाडांच्या मोत्यांनी दाखवलं. त्यांच्या सात पदरी हारातल्या मोत्यांपैकी 68 मोत्यांचा दुपदरी हार 2007 साली न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात 70 लाख डॉलरच्या वर गेला. आपल्या नथीतले बारीक मोती तसे नव्हेत, त्यांचे लाखो रुपये येतील असं मी कुणाला सांगणार नाही. मोत्याची किंमत आकाराबरोबर चढत जाते, बारीक मोत्याला बेताचाच भाव. पण बेताचा भाव आणि शून्य यांत फरक आहे, आणि तो फरक काउंटरवर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

सोन्याला आता हॉलमार्क आहे, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आहे. मोत्याला तसं सरकारी काहीच नाही. पावतीवर नुसतं ‘मोती’ लिहून मिळतं, आणि मुलीच्या अंगावर तन्मणी, चिंचपेटी, कुड्या घालणारी आई तेवढ्यावर समाधान मानते. हे मला पटत नाही. गोड्या पाण्याचा, वाढवलेला मोती घ्यायला काहीच हरकत नाही, तो सुंदरच असतो. पण तो तसा आहे आणि त्याला रंग दिला आहे का, हे पावतीवर लिहून मागा. चांगला सराफ लिहून देतो.

आणि जुना दागिना मोडायला नेणार असाल, तर मोती आपल्यासमोर काढायला लावा, मोजून घ्या, मऊ सुती कापडात गुंडाळून घरी आणा. पिवळे असले तरी आणा. लिंबू-व्हिनेगरने घासू नका, थर विरघळतात. मोठे असतील तर एकदा प्रयोगशाळेचा दाखला काढा. तोवर ते कुणाकडे सोडू नका.