बूट दाराशी, पाय अंथरुणात

सोलापूर जिल्ह्यात सर्वांत नेमाने धावतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. मोहोळ असो, बार्शी असो की माळशिरस, गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याच्या कडेने ही पोरे अंधारातच रनिंग मारताना दिसतात. धावायला जावेसे वाटते का, हा प्रश्न त्यांना फारसा पडत नाही. पोलीस शिपाई पदाचे ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांचे असते. त्यात मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलाने 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत काढले तर पूर्ण गुण मिळतात. त्यापुढे सेकंदांच्या हिशेबाने गुण उतरत जातात. ग्राउंडमध्ये निम्मे गुण पडले नाहीत, तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. शेती कोरडवाहू आणि घरात कायमचा पगार कुणालाच नाही, अशा मुलाला पहाटे उठवायला एवढे कारण पुरते.

या कारणाची ताकद मोठी, पण ते बाहेरून आलेले असते, आणि काम झाले की निघून जाते. निवड झालेला किंवा वयाची अट ओलांडलेला उमेदवार पुढे हौसेने धावत राहतो, असे क्वचितच घडते. एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे लागू पडतो. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना मध्यंतरी त्याचे पैसे दिले आणि नंतर ते बंद केले. पैसे बंद झाल्यावर या विद्यार्थ्यांची कोड्यांतली गोडी कमी झाली. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे या विषयावर सविस्तर सिद्धान्त मांडला. माणूस एखादी गोष्ट दीर्घकाळ करतो, तेव्हा ती त्याने स्वतः निवडलेली असते, ती आपल्याला जमते असे त्याला वाटत असते आणि त्यात आपली माणसे असतात, असा त्याचा गाभा आहे.

बाहेरचे कारण संपले तरी धावणे संपत नाही, याचे जवळचे उदाहरण बीड जिल्ह्यातले आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला पायी किंवा पळत जायचा, कारण वाहन नव्हते. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. नोकरी मिळाली होती, ग्राउंडची चिंता मिटली होती. स्पर्धेसाठी धावणे मात्र त्याने त्यानंतर, 2015 च्या सुमारास, सैन्यातल्या क्रॉस कंट्रीपासून सुरू केले. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतले. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाकडे जात होती. 2023 च्या आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळाले. अशा माणसाची जिद्द लहानपणापासूनचीच असणार, असे सांगण्याचा आपल्याकडे मोह असतो. पण इथे धावणे आधी आले आणि त्याची ओढ नंतर लागली, असाच क्रम दिसतो.

बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या, डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितलेल्या मध्यमवयीन माणसापुढे ना भरती असते ना पदक. त्याच्याकडे इच्छा असते, माहितीही असते, बहुधा नवे बूटही असतात. नेमके काय कमी पडते, याचे उत्तर 2002 मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात सापडते. सारा मिल्न आणि तिच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला व्यायामाचे हृदयाला होणारे फायदे पटवून दिले, दुसऱ्याला त्याशिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून काढायला सांगितले, आणि तिसऱ्याला यातले काहीच दिले नाही. आठवडाभरात ठरलेला व्यायाम तिसऱ्या गटातल्या आणि नुसते फायदे ऐकलेल्या गटातल्या 35 ते 38 टक्क्यांनीच केला, तर वेळ-जागा लिहिणाऱ्यांपैकी 91 टक्क्यांनी. पटवून देण्याचा परिणाम जवळजवळ शून्य. प्रेरणादायी व्हिडिओ पाहून रात्री उशिरा झोपणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

सोलापुरात वेळ ठरवताना उन्हाला विचारावे लागते. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग उष्णता होऊन अंगातच साठतो आणि तो घामावाटे बाहेर पडावा लागतो. दिवसभर तापलेले रस्ते आणि भिंती संध्याकाळी सातलाही धग देत असतात. हवा सर्वांत थंड असते ती सूर्योदयाच्या जरा आधी. म्हणून उन्हाळ्यात ‘जमेल तेव्हा धावू’ हा बेत या शहरात टिकत नाही. पाचला निघायचे तर जेवण आणि झोप दोन्ही आधी ओढावी लागतात. म्हणजे निर्णय खरा आदल्या रात्री होतो, गजर वाजतो तेव्हा नव्हे. सोलापूर गिरणगाव असताना गिरण्यांचा भोंगा शहराला उठवत असे. आता तो भोंगा ज्याचा त्याने लावायचा. उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस वेग कमीच ठेवणे बरे.

घराबाहेर पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटे सर्वांत नकोशी असतात. मॅथ्यू रुबी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले, की व्यायामात आपल्याला किती मजा येईल याचा अंदाज माणसे प्रत्यक्षाहून कमी करतात, कारण अंदाज करताना त्यांच्या डोळ्यांपुढे सुरुवातीचाच त्रास असतो. नवखे लोक हा त्रास आणखी वाढवून घेतात. शाळेतली शंभर मीटरची शर्यत आठवून सुसाट सुटतात, दोनशे मीटरवर दम लागतो आणि ‘हे आपले काम नाही’ असे ठरवून परततात. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, इतक्याच वेगाने धावावे. मध्ये चालावे लागले तर चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सुचवलेला आठवड्याचा किमान जोरकस व्यायाम 75 मिनिटांचाच आहे. छातीत दुखणे, चक्कर किंवा जुना आजार असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे.

बायकांच्या बाबतीत प्रेरणेची चर्चा बऱ्याचदा चुकीच्या जागी सुरू होते. पहाटे पाचचा अंधार, बंद असलेले रस्त्यावरचे दिवे, कुत्री, ट्रॅक पँटकडे रोखलेल्या नजरा, आणि सातच्या आत तयार व्हायला हवा असलेला डबा. यातले काहीही मनाच्या निर्धाराने सुटत नाही. दिवे लागले, घरातल्या दुसऱ्या कुणी पोळ्या लाटल्या आणि सोबतीला दोघी-तिघी असल्या, की त्याच बाईची ‘इच्छा’ एकाएकी वाढलेली दिसते. सोलापुरातल्या पार्क मैदानासारख्या वर्दळीच्या जागा बायका पसंत करतात त्यामागे हेच गणित असते.

सोबत काय करू शकते, हे सोलापूर जिल्हा दर आषाढात पाहतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला येताना धावा होतो. तुकोबांना इथल्या उंचवट्यावरून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीकडे धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या जागेवरून दिंड्या उतारावर पळत निघतात. आळंदीपासून दोन आठवडे चालून आलेले, पायाला फोड आलेले, साठी उलटलेले वारकरी त्यात असतात. मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल याने 1932 मध्ये मांडले आणि पुढे उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले होते, की अन्न जवळ येते तसा उंदरांचा वेग वाढतो. वारकऱ्यांच्या भक्तीला तो नियम पुरा पडणार नाही, पण जवळ आलेले ठिकाण आणि दोन्ही बाजूंनी धावणारी माणसे थकलेल्या पायांना कसा वेग देतात, हे तिथे दिसते. शहरातले धावणारे गट हेच छोट्या प्रमाणात करतात. चौकात तिघे वाट पाहत उभे असतील, तर चौथ्याला पांघरूण ओढून घेणे अवघड जाते.

सवय जडायला 21 दिवस पुरतात, हे सर्रास सांगितले जाते आणि ते खरे नाही. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या 2010 च्या अभ्यासात ठरावीक वेळी करायची एखादी कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक 66 निघाला. सर्वांत कमी 18, तर सर्वांत जास्त 254 दिवसांचा अंदाज होता. व्यायामासारख्या कृतींना साध्या कृतींपेक्षा जास्त दिवस लागले. एखादा दिवस चुकल्याने मात्र काही बिघडले नाही. लग्नसराई, ताप किंवा पावसाची झड यांमुळे दोन-चार आठवडे मोडले, तर दम खरोखरच कमी झालेला असतो. तेव्हा पूर्वीच्या अंतराच्या निम्म्यावरून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत जुन्या ठिकाणी पोचता येते.