विश्लेषण : फॉलिक ॲसिडची गोळी वरातीमागून का येते?

गावात एखादी सून गरोदर राहिली की आशाताई घरी येते, उपकेंद्रात नाव नोंदवले जाते, माता व बाल संरक्षण कार्ड मिळते आणि सोबत गोळ्यांची पाकिटे. वर्धा जिल्ह्यातील आठही तालुक्यांत हीच पद्धत आहे. त्या गोळ्यांत फॉलिक ॲसिड असते. मात्र ज्या कामासाठी ते सर्वांत जास्त लागते, ते काम नोंदणीच्या आधीच उरकलेले असते. गोळी खरी आहे, मोफत आहे, सुरक्षित आहे. फक्त उशिरा येते. हा उशीर टाळता येण्यासारखा आहे.

फॉलिक ॲसिड म्हणजे नेमके काय?

ब गटातील नववे जीवनसत्त्व म्हणजे फोलेट. अन्नात ते नैसर्गिक रूपात असते. गोळीत किंवा पीठ-तांदळात मिसळण्यासाठी तयार केलेल्या रूपाला फॉलिक ॲसिड म्हणतात. नव्या पेशी घडवणे हे त्याचे मुख्य काम. म्हणूनच जिथे पेशी भराभर वाढतात तिथे, म्हणजे गर्भात, रक्तात आणि वाढत्या मुलांत, त्याची गरज जास्त असते. ते कमी पडले की लाल पेशी आकाराने मोठ्या पण अपरिपक्व राहतात आणि रक्तक्षय होतो. तो केवळ लोहाच्या गोळीने बरा होत नाही.

नावातच त्याचा पत्ता आहे. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा केला, म्हणून हे नाव पडले. पुढे १९४५ मध्ये तो कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या चमूचे नेतृत्व आंध्रातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध काय?

या शोधाची सुरुवात मुंबईतली आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर महिलांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय तिला अभ्यासायचा होता. हा जंतूंचा आजार नसून ताटातल्या उणिवेचा आहे, हे तिने दाखवले. यीस्टचा अर्क, म्हणजे साहेबी न्याहारीतले ‘मार्माइट’, दिल्यावर या महिला सुधारू लागल्या. १९३१ मध्ये तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातला तो अज्ञात घटक काही वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. तेच पुढे फोलेट ठरले.

त्याच दशकात वर्ध्यातही पानांची चर्चा सुरू होती. मगनवाडीत मुक्कामी असताना महात्मा गांधींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मधून हिरव्या पाल्याचे महत्त्व मांडले. मुळा-गाजराचा टाकून दिला जाणारा पाला कच्चा खाण्याचा प्रयोग त्यांनी केला. फोलेटचे नावही तेव्हा ठरलेले नव्हते.

पहिले २८ दिवस इतके महत्त्वाचे का?

गर्भाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. ती नीट बंद झाली नाही तर मणका उघडा राहतो (स्पायना बिफिडा) किंवा मेंदूच घडत नाही. भारतात अशा दोषांचे प्रमाण दर हजार जन्मांमागे चारच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना शस्त्रक्रिया, पायांतली ताकद जाणे, लघवीवर ताबा नसणे हे सारे सोसावे लागते.

यातले बरेचसे दोष टाळता येतात. सात देशांत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने हे पक्के केले. आधीचे मूल असा दोष घेऊन जन्मलेल्या महिलांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज चार मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. सर्वसाधारण महिलेसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४ मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते. अट एकच : ते गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हावे.

आता दिवस मोजून पाहावेत. शेवटच्या पाळीपासून साधारण चौदाव्या दिवशी गर्भधारणा होते. अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी चुकते. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत मज्जानलिका बंद झालेली असते. सरकारी हिशेबात १२ आठवड्यांच्या, म्हणजे ८४ दिवसांच्या आत झालेली नोंदणी ‘वेळेवर’ धरली जाते. कागदोपत्री वेळेवर नोंदलेल्या महिलेलाही मज्जानलिकेच्या दृष्टीने सहा आठवडे उशीर झालेला असू शकतो. म्हणजे वरातीमागून घोडे!

मग सरकारी कार्यक्रमात लग्नाआधी काहीच नाही का?

आहे. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात १० ते १९ वयोगटाला आठवड्यातून एक निळी गोळी आणि २० ते ४९ वयोगटातील गरोदर नसलेल्या महिलांना आठवड्यातून एक लाल गोळी द्यायची आहे. दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रक्तक्षयाविरुद्ध हा कार्यक्रम हवाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला होता.

पण यात दोन फटी आहेत. पहिली मात्रेची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याच्या गोळीत २,८०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुचवते, म्हणजे रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमचा सात दिवसांचा हिशेब. आपल्याकडच्या गोळीत त्याच्या पाचव्या भागाहूनही कमी आहे. दुसरी फट लग्नाची. मुलगी शाळेत किंवा अंगणवाडीच्या यादीत असेपर्यंत निळी गोळी मिळते. शाळा सुटली, लग्न झाले, ती आर्वीहून समुद्रपूरला किंवा देवळीहून हिंगणघाटला गेली, की माहेरच्या यादीतून नाव जाते. सासरच्या यादीत ते पहिल्यांदा ठळकपणे येते ते गरोदर म्हणूनच. मधले महिने कोणाच्याच जबाबदारीचे नसतात.

रोजच्या जेवणातून भागणार नाही का?

बऱ्याच अंशी भागू शकते; पण आजच्या ताटातून नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ महिलेला रोज २२० आणि गरोदर महिलेला ५७० मायक्रोग्रॅम फोलेट लागते. १०० ग्रॅम कच्च्या पदार्थातील प्रमाण ढोबळमानाने असे :

- अख्खा हरभरा : सुमारे २३०
- हरभरा डाळ : सुमारे १८०
- पालक : सुमारे १४०
- तूरडाळ : सुमारे ११०
- ज्वारी : सुमारे ४०
- गव्हाचे पीठ : सुमारे ३०
- पांढरा तांदूळ : सुमारे १०

दिवसाला दीडशे ग्रॅम गहू, दीडशे ग्रॅम तांदूळ आणि वाटीभर वरणासाठी ३० ग्रॅम तूरडाळ, एवढ्यातून शंभरीही गाठली जात नाही. तेच दीडशे ग्रॅम ज्वारीची भाकरी, ५० ग्रॅम हरभरा आणि पावशेरातली निम्मी पालेभाजी ताटात आली की हिशेब तीनशेपलीकडे जातो. शिजवताना यातले बरेच नष्ट होते, म्हणून थोडे जास्तच लागते. फोलेट पाण्यात विरघळते. भाजी उकडून पाणी फेकले तर फोलेटही मोरीत जाते.

वर्धा जिल्ह्याची गंमत अशी की औषध शेतातच पिकते. तूर, हरभरा, सोयाबीन ही इथली नेहमीची पिके. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, तुरीच्या सोल्यांची भाजी, पोपटाच्या शेंगा, उन्हाळ्यातली चिवळ, पहिल्या पावसातला तरोटा हे सारे इथल्या घरांत माहीत आहे. पण धान्य बाजारात जाते, ज्वारीची जागा गहू-तांदळाने घेतली आहे, आणि लग्नसराईच्या उन्हाळ्यात पालेभाजी महाग होते. नवी सून शेवटी जेवायला बसत असेल तर भाजीचा तळ तिच्या वाट्याला येतो. हा प्रश्न जीवनसत्त्वाचा तितकाच घरातल्या पंगतीच्या क्रमाचाही आहे.

रेशनच्या पोषक तांदळाचे काय?

रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळलेले दाणे घालण्याचे धोरण केंद्राने अलीकडच्या वर्षांत राबवले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार अशा एक किलो तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाल्ला तर फार तर १९ मायक्रोग्रॅम मिळते. भर म्हणून ठीक. गोळीला पर्याय म्हणून नव्हे. अमेरिकेने १९९८ मध्ये ज्या मात्रेत हे सक्तीचे केले, ती १०० ग्रॅम पिठामागे १४० मायक्रोग्रॅम आहे. ‘रेशनमधून मिळतेच की’ हा समज म्हणूनच धोक्याचा.

सिकलसेल असलेल्यांना वेगळी गरज असते का?

होय, आणि विदर्भात हा मुद्दा सोडून चालत नाही. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसांत मोडते. शरीराला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात आणि फोलेटचा साठा लवकर संपतो. त्यामुळे रुग्णांना डॉक्टर रोज फॉलिक ॲसिड देतात. बरे वाटते म्हणून ती गोळी मध्येच बंद करू नये. सिकलसेल असलेल्या महिलेने मूल होऊ देण्याआधीच मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

जास्त घेतले तर चालते का?

नाही. औषध दुकानात सहज मिळणारी गोळी बहुधा पाच मिलिग्रॅमची असते, म्हणजे शिफारशीच्या साडेबारा पट. आधीच्या मुलाला मणक्याचा दोष असेल, किंवा फिट्सची काही औषधे सुरू असतील, तर डॉक्टर मोठी मात्रा देतात. इतरांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

याचे कारण ब-१२. शाकाहारी घरांत दूध-दही कमी असेल तर ब-१२ ची कमतरता सर्रास आढळते. भरपूर फॉलिक ॲसिडने रक्तक्षय झाकला जातो, पण ब-१२ अभावी नसांची हानी सुरूच राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी फोलेट जास्त आणि ब-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत इन्सुलिनला प्रतिरोध अधिक दिसला. म्हणून गोळीसोबत ताक, दही, दूध, अंडे यांचीही आठवण ठेवायला हवी.

मग करायचे काय?

गोळी देण्याचा मुहूर्त बदलायला हवा. तो नोंदणीच्या दिवसावरून लग्नाच्या दिवसावर आणायला हवा. त्यासाठी नवे खाते नको. गावातला विवाह ग्रामपंचायतीत नोंदवला जातो. पात्र जोडप्यांची नोंद आशाताईकडे असते. या दोन वह्या एकमेकींना जोडल्या तर नवी सून गावात आल्याच्या महिन्यातच ४०० मायक्रोग्रॅमची पट्टी तिच्या हाती पडू शकते. ज्यांना मूल इतक्यात नको त्यांना सोबत गर्भनिरोधनाचा सल्ला; ज्यांना हवे त्यांना रोज एक गोळी. दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या मातांनाही हेच लागू आहे.

लोक गोळी घेतील का, ही शंका रास्त आहे. मूल नको असताना ‘गरोदरपणाची गोळी’ दिली तर सासरी प्रश्न उठतील. म्हणून बोलणे एकट्या सुनेशी नको. सासू आणि नवरा दोघेही समोर हवेत. १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने वर्ध्याच्या गावांत किशोरी पंचायती आणि महिला गटांतून आरोग्याचे काम केले आहे. गोळीचे कारण समजावून सांगण्याची वाट इथे आधीच पडलेली आहे. प्रश्न पैशांचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे.

घरच्या पातळीवर तर कोणाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. ज्या घरात येत्या वर्षात पाळणा हलावा अशी इच्छा आहे, त्या घराने आजच उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा आशाताईला फॉलिक ॲसिडबद्दल विचारावे, आणि हरभरा पूर्ण विकण्याआधी एक पोते घरी ठेवावे. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत थांबले, तर फॉलिक ॲसिडच्या सर्वांत मोलाच्या दिवसांपैकी निम्मे निघून गेलेले असतील.