मॅग्नेशियमची फ्रेम: ओतलेली की घडवलेली?
मी बीडचा. इथे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारा माणूस कोयता घेताना नुसतं 'पोलाद आहे' यावर भुलत नाही. घडाई बघतो, पाणी कसं दिलंय ते बघतो. आपण मात्र सध्या फोनच्या जाहिरातीत 'मॅग्नेशियम अलॉय फ्रेम' वाचलं की खूश!

मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलकं, हे खरं. पण धातूची ताकद त्याच्या आतल्या स्फटिककणांवरही ठरते. म्हणून संशोधक तापवलेली कांडी काटकोनात वळलेल्या साच्यातून पुन्हा पुन्हा दाबून काढतात. 1970 च्या दशकात सोव्हिएत संघात व्लादिमीर सेगल यांनी ही पद्धत शोधली. जाडी तीच राहते, पण कण पार बारीक होतात. कणांच्या सीमा वाढल्या की आतली घसरण अडते आणि धातू सहज वाकत नाही.

मेख एवढीच, की दाबताना मॅग्नेशियमचे कण ठरावीक दिशेला कलतात. मग एका बाजूने मजबूत, दुसऱ्या बाजूने नरम. शिवाय फोनच्या फ्रेम बहुतेक ओतीव असतात. प्रयोगशाळेतल्या कांडीचे आकडे त्यांना लागू होत नाहीत.

तेव्हा फोन घेताना कोयत्यासारखंच विचारा: ओतलंय की घडवलंय?