आधीच ओळखलं होतं

वर्षभर एक वाक्य माझ्या डोक्यात ठाण मांडून बसले आहे. ते चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या घोळक्यात ऐकले, लोकलमध्ये एकाच मोबाइलवर मालिका पाहणाऱ्या दोन मैत्रिणींकडून ऐकले आणि आमच्या कचेरीत येणाऱ्या पत्रांतही वाचले. ‘बरंय, पण खुनी कोण ते मी आधीच ओळखलं होतं.’ विषय तिथेच मिटतो. अडीच तासांचा चित्रपट असो, आठ भागांची मालिका असो की तीनशे पानांची कादंबरी असो, निकाल या एका वाक्यात लागतो. ओळखता आले तर लेखक नापास, नाही आले तर ‘जबरदस्त’. हा न्याय मला मान्य नाही, आणि यंदाचे संपादकीय मी त्यासाठीच खर्च करणार आहे.

वर्षाचा आढावा त्यामुळे थोडक्यात. सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडची उभी पिके नेली. तिथल्या आमच्या वर्गणीदारांच्या घरी यंदा दिवाळी कशी होणार, हा विचार अंक छापताना मनातून गेला नाही. अंकाची किंमत वाढवावी लागली. तुम्ही समजून घ्याल हे गृहीत धरले आहे. मराठी चित्रपटासाठी रांगा लागल्या, ही वर्षातली सुखाची गोष्ट. ‘दशावतार’मध्ये ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी जे केले ते पाहून कितीतरी लोक भारावून बाहेर पडले. पण त्या चित्रपटाबद्दलही मला पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच: ‘शेवट आधी कळतो का?’

ज्या लोककलेचे नाव त्या चित्रपटाने घेतले, तिच्याकडेच पाहा. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रांमध्ये दशावतार रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आख्यान पुराणातले, म्हणजे समोर बसलेल्या पोराटोरांनाही पाठ. राक्षस मरणार, देव जिंकणार. पण संवाद लिहून दिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. दोघे समोरासमोर आले की कोण कोणाला शब्दांत पकडतो, कोण कसा निसटतो, यावर सगळी जत्रा श्वास धरून बसते. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत इतका ताण असू शकतो, हे कोकणातल्या प्रेक्षकाला कुणी शिकवावे लागले नाही.

शहरी रंगभूमीवरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आले. न्यायालयात उभा असलेला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हाच तो भामटा, हे नाटकाने प्रेक्षकापासून लपवलेलेच नाही. रंगमंच फिरतो आणि प्रभाकर पणशीकर कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन परांजपे, कधी राधेश्याम महाराज होऊन समोर येतात. प्रत्येक वेळी आपण त्यांना ओळखतो. ओळखतो, म्हणूनच जीव टांगणीला लागतो. फसवलेली बाई साक्षीला उभी आहे, तिचा शब्द न् शब्द खरा आहे, आणि हा माणूस चेहऱ्यावरची रेषही न हलवता नाकारतो आहे. न्यायाधीशांना हे दिसते आहे की नाही? खुर्चीवरून उठून ओरडावेसे वाटते. पणशीकरांनी हे नाटक हजारो वेळा केले आणि माणसे पुन्हा पुन्हा गेली. ‘लखोबाच गुन्हेगार आहे हे आम्ही आधीच ओळखलं होतं,’ अशी तक्रार घेऊन कुणी तिकीट खिडकीवर गेल्याचे मी ऐकलेले नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचनालयांतून पाने सुटेपर्यंत फिरल्या. त्यांचा नायक झुंजार कथेच्या शेवटी जिवंत राहणार, हे पुस्तक हातात घेतानाच ठाऊक असायचे, कारण त्याची पुढची कथाही यायचीच होती. तरी तो या वेळी कसा सुटतो एवढ्यासाठी जेवणाचे ताट समोर निवत पडायचे. त्या वाचकाला कुणी भोळा म्हणेल. मला तो आजच्या वाचकापेक्षा जाणता वाटतो. ‘कोण’ हा रहस्यातला एक प्रश्न. ‘कसे’, ‘का’, ‘आता पुढे काय’ हे बाकीचे, आणि रात्र जागवतात ते हेच.

शिवाय ओळखता येणे हा लेखकाचा दोष कसा? चांगल्या रहस्यकथेत गुन्हेगारापर्यंत नेणारी प्रत्येक खूण वाचकाच्या डोळ्यांसमोरून जावी लागते. खुणा दिल्या की काही जण त्या वाचणारच. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अक्रॉइड’ १९२६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिने वाचकाला फसवले, असा मोठा वाद झाला. शेवट कळल्यावर ते पुस्तक पुन्हा उघडा. सगळे तुमच्यासमोरच ठेवलेले होते, हे पानोपानी दिसते. दुसऱ्या वाचनात ते पुस्तक अधिक थरारक वाटते, असे माझे मत आहे.

आणि या ‘ओळखण्या’त ओळख किती असते? पाच संशयित आणि हजार प्रेक्षक असले, तर नुसत्या अंदाजाने दोनशे जण बरोबर ठरतील. कशावरून ओळखले असे विचारले, तर ‘तो नट मोठा आहे, त्याला एवढी छोटी भूमिका उगीच देतील का?’ असे उत्तर येते. हे चित्रपट पाहणे नव्हे.

मला हे एवढे का लागते, ते सांगतो. या वाक्याचा मार शेवटी लिहिणाऱ्याला बसतो. यंदाच्या अंकासाठी आलेल्या कथांचा गठ्ठा वाचताना शेवटच्या पानावर तेच ते भेटत राहिले: सांगणारा मुळात मेलेलाच होता, जुळा भाऊ होता, सगळे वेड्यांच्या इस्पितळात घडले होते. त्यातल्या एका कथेपाशी मी थांबलो. तालुक्याच्या गावातले औषधांचे दुकान. एक गिऱ्हाईक दर मंगळवारी वडिलांसाठी म्हणून झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी नेते. दुकानदार प्रत्येक पट्टी वहीत लिहितो. मग एका मंगळवारी कुणीतरी बोलता बोलता सांगून जाते, की त्या वडिलांना थोरल्या मुलाने पुण्याला नेऊन महिना झाला. त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक येते आणि नेहमीसारखा हात पुढे करते. दुकानदाराने खण उघडलेला आहे, वही समोर आहे, मागे दोन माणसे उभी आहेत. मी ते पान वाचताना आलेला फोन घेतला नाही.

आणि पुढच्याच पानावर तो दुकानदार तीन वर्षांपूर्वी वारलेला निघाला.

लेखकाला फोन केला. कोवळा मुलगा, दुसरी-तिसरी कथा असेल. ‘ते भूत कशाला आणलंस रे?’ ‘सर, नाहीतर लोक म्हणतात, आधीच कळलं.’ त्याला स्वतःला ते पान आवडलेले नव्हते. तुमच्या-माझ्या तोंडच्या एका वाक्याला भिऊन त्याने आपल्या चांगल्या कथेचा गळा दाबला होता. ते पान काढायला मी त्याला राजी केले. नवा शेवट त्याचा त्यानेच लिहिला. कथा या अंकात आहे.

शेवट फोडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे रहस्यनाटक १९५२ पासून चालू आहे आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांना गुपित राखायची विनंती केली जाते. ती रीत मला फार आवडते. ज्याने पाहिले नाही त्याचा पहिला अनुभव त्याचाच राहावा. पण पहिल्या अनुभवात सगळे संपत नाही. नारायण धारपांच्या कथेवरून राही बर्वे यांना सुचलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ साली आला आणि गेला. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला झाला. त्यातला राक्षसी हस्तर कुठे आहे आणि काय मागतो, हे घरच्या पडद्यावर पाहून ठाऊक असलेली कितीतरी माणसे त्या गर्दीत होती. तसेच गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात. तो जळणार हे माहीत असूनच पोरे रात्रभर त्याच्याभोवती जागतात.

म्हणून यंदा आमच्या रहस्यकथा विभागातल्या कोणत्याही कथेवर ‘धक्कादायक शेवट’ अशी ओळ छापलेली नाही. जाहिरातीच्या मजकुरातूनही ती काढायला लावली. तुम्ही पत्रे लिहालच, दर वर्षी लिहिता. खुनी ओळखलात तर जरूर कळवा. पण कोणत्या पानावर ओळखला तेही लिहा, आणि त्यानंतरची पाने वाचत राहावेसे वाटले की नाही तेही लिहा. नाही वाटले, तर ती कथा निवडणारा मी आहे. जाब मला विचारा. पत्ता शेवटच्या पानावर आहे.