राणीच्या बागेत वर्षातून तीनदा जा

मुंबईत भायखळा स्टेशनच्या पूर्वेला एक जुनी, मोठी बाग आहे. तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण तिला या नावाने ओळखणारे लोक कमी आहेत. सगळे तिला राणीची बाग म्हणतात. १८६२ साली ही बाग सुरू झाली, तेव्हा तिला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले होते. पुढे देश स्वतंत्र झाला आणि बागेला शिवाजी महाराजांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र जुने नाव राहिले.

‘बाग’ हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही आला. उर्दूत तो पुल्लिंगी आहे. मराठीत तो बहुधा स्त्रीलिंगी वापरतात. म्हणून आपण ‘राणीची बाग’ म्हणतो. एकच शब्द दोन घरांत राहिला आणि दोन्ही घरांचा झाला.

तुमच्यापैकी जे मुंबईत राहतात, त्यांनी ही बाग नक्की पाहिली असेल. केव्हा पाहिली, ते मी न विचारता सांगू शकतो. ईदला! अंगावर नवे कपडे, खिशात ईदी, बरोबर धाकटी भावंडे आणि खाला. ईदच्या दिवशी आणि बासी ईदला बागेच्या फाटकासमोर केवढी रांग लागते! आत गेल्यावर प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, वाघ कुठे आहे? २०१७ सालापासून आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे, पेंग्विन कुठे आहेत? प्राणी पाहायचे, आइसक्रीम खायचे, गर्दीत हरवलेल्या भावाला शोधायचे आणि दमून घरी यायचे. झाली बाग पाहून!

ही मजा वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. मीही लहानपणी असाच गेलो आहे. पण माझे स्पष्ट मत आहे की एवढ्याने बाग पाहून होत नाही. बाग म्हणजे भिंतीवर टांगलेले चित्र नव्हे. ती उन्हाळ्यात एक असते, पावसाळ्यात दुसरी आणि हिवाळ्यात तिसरी. म्हणून ती वर्षातून निदान तीन वेळा पाहावी.

तुम्ही म्हणाल, दर ईदला जातोच की! आता एक साधे गणित करू. आपले हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून ईद दरवर्षी तेवढे दिवस आधी येते. काही वर्षे ती उन्हाळ्यात येते, मग सरकत सरकत हिवाळ्यात जाते आणि त्यानंतर पावसाळ्यात. हा फेरा पुरा व्हायला सुमारे ३३ वर्षे लागतात. म्हणजे जो मुलगा वर्षातून एकदा, फक्त रमजान ईदलाच बागेत जाईल, त्याला तिच्या ऋतूंचा पुरा फेरा पाहायला सुमारे ३३ वर्षे लागतील! तोपर्यंत तो स्वतःच्या मुलांचा हात धरून येऊ लागेल. जे काम एका वर्षात होते, त्यासाठी इतके थांबायचे कशाला?

प्रथम उन्हाळा घेऊ. काही वर्षांपूर्वी एका उर्दू शाळेच्या मुलांबरोबर मी एप्रिलच्या अखेरीस या बागेत गेलो होतो. एका झाडावर पिवळ्या फुलांचे लांब घोस लोंबत होते. पान दिसत नव्हते, सगळे झाड पिवळे झाले होते. मी म्हणालो, “मुलांनो, हा बहावा.” सगळे गप्प राहिले. एवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, “सर, ये तो अमलतास है!” मग एकदम गलका झाला. अमलतास सर्वांना माहीत होता. कुणी कवितेत वाचला होता. कुणाच्या नानीने हकिमाकडून त्याच्या शेंगेतला गर औषध म्हणून आणला होता. मात्र ते झाड मुंबईत, आपल्या घराजवळ उभे आहे आणि मराठीत त्याला बहावा म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या दिवशी त्यांना नवे झाड दिसले नाही, तर जुन्या ओळखीचे झाड नव्या नावाने भेटले.

उन्हाळ्यातच गुलमोहर फुलतो. ‘गुल’ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे आहे, पण आता ते इथलेच वाटते. याच दिवसांत तामणाला जांभळी फुले येतात. तामण हे महाराष्ट्राचे राज्यफूल आहे. हिंदी-उर्दूत त्याला जारूल म्हणतात.

आता पावसाळा. पावसात कुणी बागेत जाते का, असे तुम्हाला वाटेल. जोराच्या वाऱ्यापावसात जाऊ नये, झाडाखाली तर उभेच राहू नये. पण पावसाने उघडीप दिली की जरूर जावे. या बागेत गोरखचिंचेचे झाड आहे. तुम्ही त्याला गोरख इमली म्हणाल. ते मूळचे आफ्रिकेतले. अरब व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्याकडे आले असावे, असे मानतात. त्याचा बुंधा फार जाड असतो, कारण त्यात पाणी साठवलेले असते. कोरड्या दिवसांत त्याची पाने झडून जातात आणि झाड वाळल्यासारखे दिसते. पावसाळ्यात तेच झाड हिरवेगार होते. त्याची मोठी पांढरी फुले संध्याकाळनंतर उमलतात आणि वटवाघळे त्यांच्याकडे येतात. ज्याने हे झाड फक्त मार्चमध्ये पाहिले, तो घरी जाऊन सांगेल की झाड मेलेले आहे. ज्याने ते जुलैमध्येही पाहिले, त्यालाच खरे काय ते कळेल.

मग येतो हिवाळा. मुंबईची थंडी नावापुरतीच असते, पण फिरायला हेच दिवस चांगले. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत महानगरपालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन बहुधा याच बागेत भरते. थंडी सरता सरता उर्वशी नावाच्या झाडाला लाल फुलांचे झुबके येतात. हे झाड मूळचे ब्रह्मदेशातले आणि आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आढळते. त्याच्या जवळपासचा सीता-अशोकही याच सुमारास फुलू लागतो. कैलासपतीची गंमत तर निराळीच. त्याची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात आणि त्याची फळे तोफेच्या गोळ्यांसारखी दिसतात. फळ डोक्यात पडू नये म्हणून त्याच्यापासून जरा दूरच उभे राहा!

या बागेत ३,००० हून अधिक झाडे आहेत आणि त्यांच्या जाती २५० हून अधिक आहेत. ही जागा मुळात वनस्पतींची बाग म्हणूनच आखली होती. वाघ पाहायला आपण ज्या सावलीतून चालत जातो, त्या सावलीचे वय कित्येकदा आपल्या आजोबांपेक्षा जास्त असते.

झाडांबरोबर इथे इतिहासही उभा आहे. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची सुंदर इमारत आहे. १८७२ साली लोकांसाठी उघडलेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. ते उभे राहावे म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी खूप खटपट केली. १९७५ साली संग्रहालयाला डॉ. लाड यांचे नाव देण्यात आले. मधल्या काळात इमारतीची फार दुर्दशा झाली होती. नीट दुरुस्ती होऊन २००८ साली ती पुन्हा उघडली. जुन्या मुंबईचे नकाशे आणि इथल्या लोकांच्या मातीच्या लहान लहान प्रतिकृती तिथे पाहायला मिळतात.

संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती आहे. मुले त्याच्याजवळ फोटो काढतात आणि पुढे जातात. पण हा हत्ती साधा नाही. तो घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून १९१४ साली त्याला या बागेत उभे केले. तो फुटला म्हणून आपल्याकडे राहिला!

‘काळा घोडा’ हे मुंबईतील एका भागाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथे पूर्वी घोड्यावर बसलेल्या एका इंग्रज राजपुत्राचा पुतळा होता. १९६५ साली तो तिथून हलवला. नाव तिकडेच राहिले आणि घोडा राणीच्या बागेत आला.

हे सगळे जाणून काय फायदा, असे कुणी विचारील. परीक्षेत तर हे येत नाही. माझे उत्तर असे आहे. २००७ च्या सुमारास या बागेतील प्राणिसंग्रहालय फार मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधण्याची एक योजना पुढे आली. त्यामुळे जुनी झाडे आणि बागेचे मूळ रूप धोक्यात येईल, असे काही नागरिकांना वाटले. त्यांत काही महिला पुढे होत्या. त्यांनी नुसती तक्रार केली नाही. त्यांनी एकेक झाड पाहिले, त्याचे नाव लिहिले, लोकांना बागेत फिरवून झाडे दाखवली. शेवटी ती योजना मूळ रूपात अमलात आली नाही. पुढे प्राण्यांसाठी नवी बांधकामे झाली, पेंग्विनही आले, पण जुनी बाग टिकली. विचार करा, त्या लोकांना झाडांची नावे माहीत नसती, तर त्यांनी काय सांगितले असते? “तिथे पुष्कळ झाडे आहेत,” एवढेच. ‘पुष्कळ झाडे’ तोडायला कुणाला वाईट वाटत नाही. गोरखचिंच, उर्वशी, बहावा तोडायचा म्हटले की मनाला लागते. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याची काळजी आपण घेतो. हाच मोठा फायदा.

काही जण म्हणतात, बाग करमणुकीसाठी असते, तिथेही अभ्यास कशाला? हे म्हणणे अर्धे खरे आहे. बागेत मुलांना रांगेत उभे करून भाषण देऊ नये, हे मलाही पटते. म्हणून मी सांगतो ती कामे खेळासारखीच आहेत. एक झाड निवडा आणि तिन्ही ऋतूंत त्यालाच भेटा. सुतळीने त्याच्या बुंध्याचा घेर मोजा. खालची पडलेली पाने, फुले गोळा करून वहीत चिकटवा. फांदीवरची मात्र तोडू नका आणि खोडावर आपले नाव कोरू नका. वहीच्या एका बाजूला झाडाचे मराठी नाव लिहा, दुसऱ्या बाजूला उर्दू नाव. बहावा, अमलतास. वड, बरगद. बकुळ, मौलसिरी. चिंच, इमली. नाव कळले नाही तर माळीकाकांना विचारा. ते मराठीत सांगतील. तुम्ही घरी जाऊन नानीला विचारा, ती उर्दूत सांगेल. वर्षाच्या शेवटी तुमच्या हाती एक लहानसा शब्दकोश असेल, तोही तुम्ही स्वतः तयार केलेला.

शिक्षकांनाही माझी एक विनंती आहे. वर्षातून एक मोठी सहल काढण्याऐवजी जवळच्याच बागेत तीन लहान फेऱ्या काढाव्यात. त्यांना खर्च कमी येतो आणि मुले जास्त शिकतात.

तुम्ही मुंबईचे नसाल, तर निराश होऊ नका. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मोगल काळातली हिमायत बाग आहे. नागपुरात भोसल्यांच्या नावाची आठवण देणारी महाराजबाग आहे. तुमच्या गावात अशी प्रसिद्ध बाग नसली, तरी जुन्या मशिदीच्या अंगणात, दर्ग्याजवळ, किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा शाळेच्या मैदानात एखादे म्हातारे झाड असेलच. तेच तुमची राणीची बाग.

तेव्हा मित्रांनो, येत्या ईदला बागेत जरूर जा. वाघ पाहा, पेंग्विन पाहा. पण परत निघताना एका झाडापाशी थांबा, त्याचे नाव विचारून घ्या आणि पुढच्या ऋतूत पुन्हा येण्याचे त्याला वचन द्या. दिलेले वचन पाळायचे असते, हे तुम्हाला घरीच शिकवले आहे.