संगणकाच्या अंतरंगाचे पहिले पाठ

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत उच्च शिक्षणाचा प्रसार कसा झाला, याचा इतिहास फार जुना नाही. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले. १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि २००० साली त्या संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे इंदापूर तालुक्यातही पदवीबरोबर अभियांत्रिकीच्या शिक्षणाची सोय झाली. पुण्यातील राहण्याजेवण्याचा खर्च परवडत नाही म्हणून ज्या घरांतील मुलामुलींचे शिक्षण बारावीला थांबत असे, त्या घरांतील मुले आज एस.टी.ने ये-जा करून संगणकशास्त्राची पदवी घेत आहेत. ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे विषयात प्रवेश झाला, असे होत नाही. याची प्रचिती ज्या विषयात सर्वांत आधी येते तो विषय म्हणजे कॉम्प्युटर आर्किटेक्चर, अर्थात संगणकाची अंतर्रचना. प्रोग्रॅम लिहिण्याच्या तासाला विद्यार्थ्याला निदान पडद्यावर काही तरी उमटलेले दिसते. अंतर्रचनेच्या तासाला दिसतात त्या फळ्यावरच्या चौकटी, त्यांना जोडणारे बाण आणि इंग्रजी व्याख्या. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला विद्यार्थी पहिल्या पंधरवड्यात या व्याख्या समजून घेण्याचा प्रयत्न करतो; दुसऱ्या पंधरवड्यात तो त्या पाठ करू लागतो. एकदा पाठांतराची वाट धरली की तो परत फिरत नाही. प्रात्यक्षिकाची वही वरच्या वर्गाच्या वहीवरून उतरते, परीक्षेत आकृती हुबेहूब येते, गुणही मिळतात. विषय मात्र दाराबाहेरच राहतो. हा दोष कोणा एका महाविद्यालयाचा नाही. विषयाची सुरुवात कोठून करावी, याचा पुरेसा विचार न झाल्याचा तो परिणाम आहे.

वास्तविक ‘आर्किटेक्चर’ या शब्दामागची कल्पना व्यवहारातल्या माणसाला परकी वाटू नये. १९६४ साली आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ या नावाने लहानमोठ्या संगणकांची एक मालिका जाहीर केली. त्यांच्या किमती वेगळ्या, वेग वेगळे, आतील जुळणीही वेगळी. परंतु या मालिकेतील एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालावा, अशी योजना होती. यंत्र कोणत्या आज्ञा पाळील आणि त्या कोणत्या स्वरूपात द्यावयाच्या, एवढे ठरवून दिले होते. यंत्र बांधणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा यांच्यातील हा एक करारच होय. दोघांनी कराराची कलमे पाळली की एकमेकांच्या कामात डोकावण्याचे कारण उरत नाही. हा करार काय आहे आणि यंत्र तो कसा पाळते, हे शिकणे म्हणजे या विषयाचा आरंभ. असे सांगितले तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही ते कळेल.

घरातील वजने

पहिला अडसर द्विमान पद्धतीचा. शून्य आणि एक या दोनच अंकांत सगळा हिशेब कसा मावतो, हा प्रश्न विद्यार्थ्याला गोंधळात टाकतो. त्याला उत्तर म्हणून रूपांतराची रीत शिकविली जाते, कारण सांगितले जात नाही. दशमान वजने येण्यापूर्वी महाराष्ट्रातील प्रत्येक वाण्याच्या दुकानात ही पद्धत तराजूत बसत होती. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक या वजनांत प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. छटाक हे एक धरले तर नवटाक दोन, पावशेर चार, अच्छेर आठ आणि शेर सोळा. ही पाच वजने एकेकच जवळ असली तरी एक छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेही माप करता येते. तेरा छटाक हवे असतील तर अच्छेर, पावशेर आणि छटाक पारड्यात टाकायचे व नवटाक बाजूला ठेवायचे. टाकलेल्या वजनाला एक आणि न टाकलेल्याला शून्य लिहिले की ११०१ हा आकडा होतो. संगणकातील तेरा तोच.

आजच्या विद्यार्थ्याने ही वजने पाहिलेली नसतील, पण त्याच्या आजीला ती तोंडपाठ असण्याचा संभव आहे. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे हा हिशेबही १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत याच दुपटीच्या वाटेने चालत होता. वजन एक तर पारड्यात असते किंवा नसते, त्याप्रमाणे विजेच्या मंडलातील स्थितीही दोनच प्रकारची धरली की यंत्राचा घोटाळा होत नाही. एवढे समजल्यावर रूपांतराची रीत पाठ करावी लागत नाही.

कालवा आणि स्मृती

दुसरा अडसर स्मृतीचा. संगणकात रजिस्टर, कॅश, मुख्य स्मृती आणि डिस्क अशा अनेक प्रकारच्या स्मृती का असाव्यात? एकच मोठी आणि वेगवान स्मृती का नको? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर अर्थशास्त्रातले आहे. जे वेगवान असते ते महाग असते, म्हणून ते थोडेच ठेवता येते. नीरा डावा कालवा १८८५ पासून या भागाला पाणी देत आहे. भाटघरला साठलेले पाणी नीरा नदीतून आणि कालव्यातून बारामतीला व पुढे इंदापूरला येते. धरणात पाणी पुष्कळ, पण ते शिवारापासून दूर आणि आवर्तनाची वाट पाहावयास लावणारे. विहिरीत किंवा शेततळ्यात पाणी थोडे, पण हाताशी. शहाणा शेतकरी आवर्तन आले की शेततळे भरून घेतो आणि पुढच्या पाळीपर्यंत त्यावर भागवितो. प्रोसेसरजवळची कॅश हेच करते.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. कॅशमधून एखादी संख्या मिळण्यास साधारणपणे एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग लागतो. मुख्य स्मृतीतून ती आणण्यास शंभराच्या आसपास नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून आणण्यास काही मिलिसेकंद. हे काळ माणसाच्या अंदाजात बसत नाहीत. एका नॅनोसेकंदाला एक सेकंद धरले तर मुख्य स्मृतीसाठी दीड मिनिटाहून थोडे अधिक थांबावे लागेल आणि पाच मिलिसेकंद घेणाऱ्या डिस्कसाठी जवळजवळ अठ्ठावन्न दिवस. दोन महिन्यांनी येणारे आवर्तन कसे असते, हे इंदापूरच्या विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट पाइपलाइनची. ऊस गव्हाणीत पडल्यापासून साखरेचे पोते शिवले जाईपर्यंत रस काढणे, तो निवळणे, आटविणे, दाणे वेगळे करणे अशा अनेक पायऱ्या असतात आणि एकाच उसाचा हिशेब धरला तर त्यात बराच वेळ जातो. तरी हंगाम भरात असताना पोती एकामागून एक बाहेर पडत राहतात, कारण कोणतीही पायरी रिकामी बसलेली नसते. भवानीनगर किंवा माळेगावच्या कारखान्यात जे घडते तेच प्रोसेसरमध्ये घडते. एक आज्ञा पार पाडली जात असतानाच दुसरीचा अर्थ लावला जातो आणि तिसरी आणली जाते. मधली एक पायरी अडली की मागची रांग का थांबते, हेही कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बैलगाड्या पाहिलेल्याला चटकन उमजते.

दृष्टांतांना मर्यादा असतात, हे येथेच सांगितले पाहिजे. शेततळ्यातले पाणी पिकाला दिले की संपते. कॅशमधील संख्या वाचली तरी संपत नाही, कारण ती मूळ संख्येची प्रत असते. मग प्रत बदलली आणि मूळ जुनेच राहिले तर काय करायचे, असा नवा प्रश्न निघतो. दृष्टांत जेथे तुटतो तेथेच विद्यार्थ्याच्या हाती खरा विषय लागतो. त्या जागेपर्यंत त्याला त्याच्या भाषेतून नेणे आणि तेथून पुढे इंग्रजी संज्ञा त्याच्या हाती देणे, हे शिक्षकाचे काम आहे.

नोकरीचा आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की परीक्षा, ग्रंथ आणि नोकरीची मुलाखत इंग्रजीत असताना मराठीतून सुरुवात करणे म्हणजे विद्यार्थ्याला मागे खेचणे होय. आक्षेपात तथ्य आहे. इंग्रजी टाळून हा विषय पुरा होणार नाही. म्हणूनच ‘कॅश’ला ओढूनताणून संस्कृत प्रतिशब्द शोधण्यात अर्थ नाही. पण कल्पना कळली नसता संज्ञा पाठ केल्याने इंग्रजीही येत नाही आणि विषयही येत नाही. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास अनुमती दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू करण्याची तयारी दाखविली. सर्वांनी तो मार्ग धरावा असे नाही. इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही पहिले पाच-सहा आठवडे शिक्षकाने दोन्ही भाषांत बोलावे, एवढीच अपेक्षा आहे. तिला कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कंपन्यांना प्रोग्रॅम लिहिणारे तरुण हवे असतात, प्रोसेसर बांधणारे नव्हेत; मग गरीब घरातील मुलाने यात वेळ का घालवावा? गेल्या काही वर्षांत या आक्षेपाचा आधारच ढासळू लागला आहे. साधा प्रोग्रॅम आता यंत्रेच लिहून देतात. जे काम विपुलतेने आणि स्वस्तात होऊ लागते त्याचे मोल घसरते, हा बाजाराचा नियम या क्षेत्राला चुकणार नाही. तयार झालेला प्रोग्रॅम मंद का चालतो, वीज अधिक का खातो, कोठे फसेल, हे सांगणाऱ्याची गरज मात्र राहील, आणि ते सांगण्यासाठी यंत्राच्या आत काय चालते हे माहीत असावे लागते.

महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, तेव्हा तो बांधणाऱ्यांना समोर ठेवण्यासाठी देशात तयार नमुने जवळजवळ नव्हतेच. परदेशी महासंगणक मिळण्यात अडचणी येऊ लागल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातील प्रोसेसर ब्रिटिश बनावटीचे होते. अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून एक मोठे काम करवून घेण्याची मांडणी येथे झाली. सुटे भाग विकत घेता आले. त्यांची रचना मात्र समजून घेऊनच करावी लागली.

इंदापूर तालुक्याला तर असे उदाहरण शोधण्यासाठी पुण्यापर्यंतही जावे लागत नाही. वालचंदनगरला १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभा राहिला. तेथील उद्योग साखर काढण्यावर थांबला नाही. त्याने साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनविण्यास घेतली आणि पुढे भारतीय अग्निबाणांच्या मोटारींची आवरणेही तेथे तयार झाली. यंत्र चालविणे आणि यंत्र बनविणे यांतील अंतर याच मातीत एकदा कापले गेले आहे.

काय करता येईल

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. भंगारात काढलेला एखादा संगणक वर्गात उघडून ठेवता येतो. तर्कद्वारे जोडून बेरीज करणारे मंडल पडद्यावर बनविण्याच्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. अनेक ठिकाणी १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरपासून आरंभ करण्याची प्रथा आहे. जुने म्हणून ते टाकाऊ ठरत नाही; परंतु बर्कली येथील विद्यापीठात २०१० साली सुरू झालेली ‘रिस्क-फाइव्ह’ ही आज्ञारचना सर्वांना खुली आहे आणि तिचा मूळ गाभा सुमारे चाळीस आज्ञांचा आहे. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ प्रोसेसर तिच्यावरच आधारलेला आहे. नवशिक्याने आधी चाळीस आज्ञांचा करार नीट वाचावा, हे अधिक सोयीचे.

बदल करावयाचा तो मुख्यतः प्रश्नपत्रिकेत आणि पहिल्या सहा आठवड्यांच्या वेळापत्रकात. ‘कॅशची व्याख्या लिहा’ याऐवजी ‘हाच प्रोग्रॅम या यंत्रावर मंद का चालला ते सांगा’ असा एक तरी प्रश्न अंतर्गत परीक्षेत आला तर विद्यार्थी निराळ्या रीतीने अभ्यास करतील. अभ्यासक्रम पुरा होणार नाही, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. मात्र पाया समजलेल्या वर्गाचा पुढचा वेग वाढतो आणि आरंभी गेलेला वेळ बराचसा भरून निघतो.

नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या भागाला शेतकरी ‘टेल’ म्हणतात. वरच्या भागात पाणी मुरते, उपसले जाते आणि टेलच्या शेतापर्यंत पोचेपर्यंत पाळी संपते, ही इंदापूरची जुनी तक्रार आहे. म्हणूनच सिंचनाच्या व्यवस्थापनात पाणी आधी टेलला देऊन मग वर यावे, असे तत्त्व सांगितले जाते. वर्गातही शेवटच्या बाकावर एक टेल असतो. मराठी शाळेतून आलेली, घरी संगणक नसलेली, प्रश्न विचारण्यास संकोचणारी मुले तेथे बसतात. या विषयाचे पहिले पाठ त्यांच्यापासून सुरू झाले तर पुढच्या बाकांवरील मुलांचे काही नुकसान होणार नाही. उलट क्रम ठेवला तर काय होते, हे या तालुक्यांनी शेतावर पुष्कळदा पाहिले आहे.